हैदराबादला नेलेली माणसं

आमच्या घरात ती तुर्की मालिका आली शेजारच्या भाभींकडून. उर्दूत डब केलेली, टोळ्यांची, दर भागात एखादा मुडदा ठरलेला. देगलूरच्या माणसाला उर्दूचं काय कौतुक! बायको दोन-चार दिवसांत त्यात पुरती बुडाली. खत-बियाणांच्या दुकानातून मी घरी आलो की जेवता जेवता तेच बघायचो. सुरुवातीला गोळी सुटली की घास थांबायचा. पुढं पुढं गोळीबार चालू असताना मी ठेचा मागून घेऊ लागलो.

अडचण होती आठ वर्षांच्या मुलीची. पडद्याच्या कोपऱ्यात सोळा वर्षांखालच्यांसाठी नाही असं लिहून यायचं, पण दोन खोल्यांच्या घरात सोळाच्या आतल्यांना बसवायचं कुठं? मग बायकोनं नियम काढला. पिस्तूल निघालं की मुलीनं दोन्ही हातांनी डोळे झाकायचे आणि मम्मीनं ‘उघड’ म्हटल्यावरच उघडायचे. डोळे उघडले की ती विचारायची, त्या काकांचं काय झालं? बायको सांगायची, लागलंय थोडं, हैदराबादला नेलंय.

इस्तंबूलचा माणूस हैदराबादला कसा जाईल, हे पोरीनं कधी विचारलं नाही. आमच्याकडं माणूस फार आजारी पडला की नांदेड, आणि नांदेडनं हात टेकले की हैदराबाद, हे लेकरांनाही पाठ असतं. मला तर ही युक्ती इतकी आवडली की आल्यागेल्याला मी ती कौतुकानं सांगायचो. पण हैदराबादला गेलेला एकही जण पुढच्या भागात परत येत नाही, बायका काळे कपडे घालून रडतात आणि त्याच्या खुर्चीत दुसरा कुणी बसतो, हे ती उघड्या डोळ्यांनी बघत होती. ते आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

एका दुपारी दुकानातच माझ्या छातीत कळ आली. गावातल्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी बघितली आणि नांदेडला जाण्यात वेळ घालवू नका, सरळ हैदराबाद गाठा म्हणाले. कपडे घ्यायला गाडी घरापाशी थांबली. मुलगी दारात आली. बायको घाईत म्हणाली, “पप्पांना हैदराबादला नेऊन राहिलो. मावशी येती, तोवर भाभींकडं बस. शहाण्यासारखी राहा.”

मुलीनं दोन्ही हातांनी डोळे झाकले. गाडी वळेपर्यंत ती तशीच उभी होती. घाबरली असेल, असं मला वाटलं. तिला ‘उघड’ म्हणायला कुणी थांबलं नाही.

बायपास झाली. मरता मरता वाचलो हे कळत होतं, पण त्याचं काही वाटत नव्हतं. आनंदही नाही, भीतीही नाही. छातीच्या डाव्या बाजूची कातडीही तशीच मुकी झाली होती, बोट टेकवलं तरी कळायचं नाही. तिथली एक नस काढून हृदयाला जोडलीय, जाणीव येईल हळूहळू, असं डॉक्टर म्हणाले. व्हिडिओ कॉलवर मुलगी माझ्याकडं नुसती बघायची आणि निघून जायची. मालिकेत मेलेली माणसंही कुणाच्या आठवणीत मधूनच पडद्यावर दिसायची, हे मला तेव्हा आठवलं नाही. लातूरहून येऊन राहिलेली तिची मावशी कौतुकानं सांगायची, लई समजदार पोरगी हाय, एकदाबी रडली न्हाई. आम्हाला बरं वाटायचं.

घरी परतलो तेव्हा ती जेवत होती. माझ्या खुर्चीत बसून. आम्ही गेल्यापासून ती तिथंच बसत होती, असं मावशीनं सांगितलं. मला बघून ती धावत आली नाही. आईकडं वळून तिनं विचारलं, “मम्मी, हैदराबादहून वापस येतेत का?”

बायकोनं औषधांची पिशवी बाजूला ठेवली. मग खाली बसली आणि तिनं पोरीला सगळं सांगितलं. मालिकेतली ती माणसं मेली होती, मी खोटं बोलले, आणि ती गोष्टही खोटीच आहे. पप्पांचं मात्र खरंच ऑपरेशन झालं, छातीला डावीकडं हात लावलेला त्यांना अजून कळत नाही, पण ते खरंच परत आले.

“ते काका मेले, मला म्हाईत होतं,” मुलगी म्हणाली.

म्हणजे इतके दिवस हे लेकरू बाप मेला असं धरून चाललं होतं, एकटं, शहाण्यासारखं. हे ऐकून मला काहीतरी व्हायला हवं होतं. काहीच झालं नाही. स्वतःचाच राग आला, तोही कुठंतरी लांब.

ती खुर्चीतून उठली आणि माझ्या शर्टावर, डाव्या बाजूला, हलकेच हात ठेवला.

“कळतंय?”

हाव म्हणणं सोपं होतं. “न्हाई,” मी म्हणालो.

तिनं आईकडं बघितलं. मग हात जरा वर सरकवला. “इथं?”

“न्हाई.”

छातीच्या मधले टाके चुकवून तिनं हात उजवीकडं नेला. “इथं?”

“हाव.”

हात तिथंच ठेवून ती रडायला लागली. मला रडू आलं नाही. पण तेवढ्या जागेवर तिचा हात गरम लागत होता.