पंपाचं सील

ती लॅबमध्ये आली आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या डोक्यात गेली. कारण विचाराल तर सांगण्यासारखं काही नव्हतं. चिकलठाण्याच्या आमच्या औषध कंपनीत मी बरीच वर्षं एचपीएलसीवर काम करते. गोळीत औषध नेमकं किती आहे, हे मोजणारं ते मशीन. त्याला गळती लागली, पंपातून किंवा नळ्यांच्या सांध्यातून थेंब पडायला लागला, की सगळे म्हणायचे, "ताईंना बोलवा." ती आल्यावर कुणीकुणी तिलाही बोलवायला लागलं. एवढंच झालं होतं.

बरं, ती गरीब स्वभावाची असती तरी चाललं असतं. मुकुंदवाडीहून स्कूटीवर यायची ती गेटवरच्या वॉचमनशी दखनी उर्दूत भांडत आणि हसत. डब्यात शेंगदाण्याची चटणी अख्ख्या टेबलाला पुरेल एवढी. मी गारखेड्याहून रोज वेळेवर येऊन खाली मान घालून काम करायचे, पण आज डब्यात काय आणलं, असं मला कधी कुणी विचारलं नाही. तिला सगळे विचारायचे. माझा नुसता जळफळाट व्हायचा. घरी तिच्याबद्दल मी इतकं बोलायचे, की एकदा नवरा म्हणाला, "तिला जेवायलाच बोलव एकदा." त्यावर मी त्याच्याशी धड बोललेसुद्धा नाही.

त्यात सरांनी सांगितलं की नव्या लॅबमधल्या सगळ्या मशीनचा चार्ज दिवाळीआधी आम्हा दोघींपैकी एकीला द्यायचा आहे. तो मला हवा होता. खरं तर तो माझाच आहे, असं मी मनात धरूनच चालले होते.

खंडेनवमीला कंपनीत मशीनची पूजा होते. लॅबमध्ये एरवी फूल आणायलाही बंदी, पण त्या दिवशी सर दुसरीकडं बघतात. सगळ्या काठापदराच्या साड्या नेसून आलेल्या आणि सगळ्यांना फोटोची घाई. पंप बंद करण्याआधी त्यातलं क्षाराचं पाणी, म्हणजे बफर, आधी साध्या पाण्यानं आणि मग मिथेनॉलनं निवांत धुऊन काढायचं असतं. त्या दिवशी कुणीच धुतलं नाही. मशीन थांबवलं, कुंकू लावलं, झेंडू ठेवला, पेढे खाल्ले. बफर आतच राहिलं. दसऱ्याची सुट्टी संपवून परत आलो, मशीन चालू केलं, तर खाली ओल आणि प्रेशर सारखं वरखाली.

"दोघी मिळून बघा," सर म्हणाले. "दुपारपर्यंत चालू पाहिजे, बॅच अडकलीय."

थेंब खालच्या सांध्यावर लोंबत होता. मी पाना घेऊन तो आवळला. थेंब परत आला. अजून आवळला.

"ताई, लई आवळू नका," ती म्हणाली. "आतली कडी दबंल, मग अजून गळंल."

हे मलाही माहीत होतं, आणि म्हणूनच राग आला. "मी करते ना," मी म्हणाले. तिनं टिश्यू पेपरची एक पट्टी पंपाभोवती फिरवली, बघितली आणि आपल्या टेबलाकडं निघून गेली. मला वाटलं, कंटाळली. बरं वाटलं.

मग मी जरा शुद्धीवर आले. पाना खाली ठेवला. सगळं पुसून कोरडं केलं, पंप सावकाश चालू केला आणि वरून खाली एकेक जागा कोऱ्या टिश्यूनं टिपत आले. खालच्या सांध्याचा काही दोष नव्हता. पाणी पंपाच्या मागच्या बाजूनं निघून नळी धरून ओघळत होतं. मागं पांढरी पापडी धरली होती. वाळलेल्या क्षाराचे कण दट्ट्याबरोबर घासून त्याच्याभोवतीचं, पाणी अडवणारं सील कापलं गेलं होतं.

"पंपाचं सील गेलंय!" मी एवढ्या मोठ्यानं म्हणाले की सर केबिनमधून बाहेर आले. त्यांनी पापडी बघितली, मान डोलावली. "अनुभव तो अनुभव. चार्ज तुमच्याकडंच, मॅडम." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिनं सगळ्यांत जोरात. मी मुद्दाम तिच्याकडं बघितलं. मला तिचं तोंड उतरलेलं बघायचं होतं, खोटं कशाला बोलू?

नवं सील बसवण्याआधी मिथेनॉलमध्ये भिजवावं लागतं. कोरडं बसवलं तर लवकर झिजतं. मी सील काढायला कपाटाकडं निघाले, तर ती बीकर घेऊन समोर आली. सील त्यात तळाशी होतं, चांगलं भिजलेलं.

म्हणजे मी सांधा आवळत बसले होते, तेव्हाच तिनं ते भिजत घातलं होतं. टिश्यूच्या एका फेरीत तिला सगळं कळलं होतं. बाकी कुणाच्या हे ध्यानातही आलं नाही. सगळे माझ्याकडं पेढे मागत होते.

"तुला माहीत होतं?" मी हळूच विचारलं.

"व्हय."

"मग बोलली का नाहीस?"

ती पंपाचे स्क्रू सोडवत होती. नेहमीसारखी हसली नाही. "तुमच्या तोंडाकडं बघितलं ताई, अन् बोलावंच वाटंना. लई आस होती तुम्हाला. मला काय, चार्जबिगरबी झोप लागती."

सील बदललं, पंप सुरळीत चालला, बॅच वेळेत गेली. नव्या लॅबचा चार्ज आज माझ्याकडं आहे. ती माझ्या हाताखाली काम करते आणि कधी शब्दानंही त्या दिवसाचा विषय काढत नाही. आणि मी अजूनही तिच्यावर जळते. पूर्वी तिच्या हातावर जळायचे, आता तिच्या झोपेवर.