गेट बघितलं का?

चष्मा कपाळावर सरकवायचा, हात पुसायचा वेस्ट कॉटनचा बोळा पँटच्या मागच्या खिशात कोंबायचा आणि समोरच्याच्या आनंदावर विरजण घालत विचारायचं, "गेट बघितलं का?" ही नानांची रीत.

आमच्या कंपनीत कुणाला दुसरीकडून नोकरीचं पत्र आलं, की तो आधी घरी सांगायचा, मग कँटीनमध्ये दबक्या आवाजात एकदोघांना, आणि शेवटी टूलरूममध्ये जाऊन नानांना. पगार किती, पोस्ट कुठली, बस आहे का, जेवण कसं, हे सगळं नाना मान डोलवत ऐकून घ्यायचे आणि मग तो प्रश्न टाकायचे. नवखा गोंधळायचा. इंटरव्ह्यूला गेलो म्हणजे गेट बघितलंच की! त्यावर नाना म्हणायचे, "जाताना नाय वो. सुटताना. मानसं बाहेर पडतात ना, तवा बघायचं. पत्रात समदं चांगलंच लिहिलेलं असतं."

तर पद्धत अशी. ज्या कंपनीत जायचं मनात आहे, तिच्या गेटसमोर शिफ्ट सुटायच्या वेळी जाऊन बसायचं. समोर चहाची टपरी असतेच. अर्धा चहा घ्यायचा आणि बाहेर पडणाऱ्यांचे चेहरे बघायचे. माणसं दोघं-तिघं मिळून येतात की एकेकटी? कुणी चहाला थांबतं का? वॉचमनशी कुणी बोलतं का? कुणालाही काही विचारायचं मात्र नाही. "इच्यारलं का मानूस खोटं बोलतं," नाना सांगायचे. "चेहरा नाय बोलत. मशीन काय, कुठलीबी चालवता येती. पन ह्या मानसांच्यात आपल्याला रोज ऱ्हायचंय."

तुम्ही म्हणाल, यात विशेष ते काय? खरंय. पण नोकरी बदलताना तुम्ही असं कधी जाऊन बसला होता का? मीही नव्हते.

नाना मूळचे सायखेड्याचे. आयटीआय करून अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आले आणि आमच्या टूलरूमला जे चिकटले, ते सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं. त्यांचं खरं नाव इथे लिहीत नाही, छापलेलं त्यांना आवडणार नाही. मी त्यांच्याहून वीसेक वर्षांनी लहान, डिप्लोमा करून क्वालिटीत लागलेली. नाना फिक्स्चर बनवायचे, म्हणजे गाडीचा पार्ट बनताना हलू नये म्हणून धरून ठेवणारा साचा. त्यातून निघालेला पार्ट मी मोजायचे आणि पास नाहीतर रिजेक्ट करायचे. थोडक्यात, आमचं नातं मुळातच भांडणाचं. ते मला 'मॅडम' म्हणत. त्या मॅडममध्ये आदर किती आणि चिडवणं किती, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

पाच वर्षांनी मला सिन्नरच्या बाजूच्या एका कंपनीचं पत्र आलं. मोजमापाची सगळी लॅब एकटीने सांभाळायची होती. रोज तेच तीन पार्ट, मोजायचा तोच गेज आणि तीच सही याला मी इतकी कंटाळले होते की सकाळी उठून डबा भरायलाही नको वाटायचं. पण आईला पटवणं सोपं नव्हतं. वडिलांनी एकलहऱ्याच्या थर्मल वीजकेंद्रात एकाच टेबलावर सगळी नोकरी काढली होती. ते गेल्यावरही घरात मत त्यांचंच चाले: लागलेली नोकरी सोडायची म्हणजे काय? आठवडाभर डोकं फोडून मी आईला राजी केलं आणि मोठ्या तोऱ्यात पत्र घेऊन टूलरूममध्ये गेले.

"गेट बघितलं का?"

"नाना, मला काम आवडलंय. गेटचं काय करू?"

"तिथं जनरल शिफ्ट साडेपाचला सुटती. आपली फर्स्ट सुटली का निघू."

त्यांची मोटारसायकल पुढे, माझी स्कूटी मागे. साडेपाचला भोंगा झाला आणि माणसं बाहेर पडली. कुणी कुणाशी बोललं नाही. टपरीवर एकही माणूस थांबला नाही. खाली मान घालून, गाडीला किक मारून सगळे पाच मिनिटांत दिसेनासे झाले. टपरीवाल्या बाईसुद्धा गप्प होत्या, आमचा चहा देऊन भांडी घासत बसल्या. नानांनी चष्मा कपाळावर नेला.

"मॅडम, इथं मानूस खुशीत नाय. नका येऊ."

मला रडू येत होतं, पण जे दिसलं ते मीही पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी मी नकार कळवून टाकला.

दोन-अडीच महिने गेले. एका रविवारी सकाळी नाना नाशिकरोडला आमच्या दारात उभे. हातात मेथीच्या दोन जुड्या. चपला बाहेर काढल्या, आईला 'जय भीम' केला आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. मला वाटलं, कुणाचं लग्नबिग्न असेल.

"ताई," ते आईला म्हणाले, "तुमच्या पोरीचं नुकसान माझ्याच्यानं झालं. ते सांगाया आलो."

झालं होतं असं. सिन्नरला कुणाच्यातरी साखरपुड्याला ते गेले होते. येताना त्याच टपरीवर थांबले. साडेपाचला तीच कंपनी सुटली आणि टपरीवर उभं राहायला जागा राहिली नाही. हसणं काय, एकमेकांच्या पाठीवर थापा काय, वॉचमनची टिंगल काय! नाना चक्रावले आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी विचारलं. टपरीवाल्या बाई म्हणाल्या, "त्या दिवशी व्हय? त्या दिवशी सकाळी यांच्यातला एक मानूस ॲक्सिडेंटमध्ये गेला हुता. समदे सुटल्या सुटल्या मातीला गेले."

हे सांगून नाना माझ्याकडे वळले.

"मी उलटं वाचलं, पोरी. सोबतचा मानूस गेला म्हनून सगळी कंपनी मातीला गेली. याच्याहून चांगलं गेट आनखी कुठलं असतं?"

पोरी म्हणाले ते तेवढंच, एकदाच. मी मात्र उठून आतल्या खोलीत निघून गेले. आईनेच त्यांना चहा दिला. दुसऱ्या दिवशी कंपनीला फोन लावला, तर जागा केव्हाच भरली होती. पुढचा महिनाभर मी नानांशी पास आणि रिजेक्ट याशिवाय एक शब्द बोलले नाही, आणि खरं सांगायचं तर त्यातही रिजेक्टच जास्त झाले.

माझा राग उतरला तो नानांमुळेच. आता कुणीही पत्र घेऊन आलं की ते आधी स्वतःची चूक सांगायचे. क्वालिटीच्या मॅडमची नोकरी मी घालवली, असं सुरुवातीलाच, सगळ्यांदेखत. मग नवा नियम सांगायचे: "एकदा बघून खरं धरायचं नाय. तीनदा बघायचं, येगयेगळ्या वारी. आन इच्यारायचं." मी काम घेऊन टूलरूममध्ये उभी असले तरी ते हे सांगताना आवाज खाली आणत नसत. अशा माणसावर किती दिवस रुसणार?

पुढच्या वर्षी सातपूरला जागा निघाली. आम्ही सोमवारी गेलो, बुधवारी गेलो, शनिवारी गेलो. नानांनी टपरीवाल्याला, पानवाल्याला आणि बाहेर पडणाऱ्या दोघांना इतकं विचारलं की वॉचमनला संशय आला. मी ती नोकरी घेतली. लॅब लहान आहे, साहेब किरकिरा आहे, पण काम माझं आहे. आता सकाळी डबा भरायला नको वाटत नाही.

नोकरी बदलून दीड वर्ष झालं असेल. माझं लग्न ठरलं म्हणून नानांना पत्रिका द्यायला अंबडला गेले. लवकर पोचले, म्हणून समोरच्या टपरीवर बसले आणि सवयीने गेटकडे बघत राहिले. जिथून सहा वर्षं मी बाहेर पडत आले, ते गेट मी पहिल्यांदाच समोरून बघत होते.

साडेतीनचा भोंगा झाला. तो थांबायच्या आतच एक माणूस गेटबाहेर आला. हात धुतलेले, पिशवी खांद्याला. म्हणजे हा माणूस दहा मिनिटं आधीपासून पंचिंगच्या मशीनपाशी उभा असणार. मागे गर्दी हसत-बोलत येत होती. हा एकटा पुढे, आणि चेहऱ्यावर काहीच नाही. दमल्याचंसुद्धा नाही. ते नाना होते.

मी पत्रिका दिली. ते खूश झाले, आईची चौकशी केली. मला राहवेना.

"नाना, मी आज गेट बघितलं."

"कुनाचं?"

"तुमचं."

त्यांनी चष्मा कपाळावर नेला, पुन्हा खाली घेतला. "किती वेळा?"

"एकदाच."

"मग धरायचं नाय," म्हणाले आणि गाडीला किक मारून गेले.

मी हट्टी आहे. त्याच आठवड्यात शुक्रवारी अर्धी रजा टाकून गेले. पुढच्या मंगळवारी परत गेले. दोन्ही वेळा सगळ्यांत पहिले नानाच बाहेर. तिसऱ्या वेळी त्यांनी मला पाहिलं, गाडी काढली नाही, सरळ रस्ता ओलांडून आले आणि बाकावर बसले.

"बघितलं ना तीनदा? बोला आता."

"तुम्ही तिन्ही वेळा पहिले बाहेर आलात. आता इच्यारते. काय झालंय?"

चहा नुसता हलवत ते म्हणाले, दर रविवारी ते पंचवटीकडे एका ट्रस्टच्या वर्कशॉपमध्ये जातात. तिथे कृत्रिम पाय आणि कॅलिपर, म्हणजे अधू पायाला बांधायचे आधार, बनवतात. त्यांचं एक मशीन दुरुस्त करायला म्हणून पहिल्यांदा गेले आणि मग जातच राहिले.

"एक बाई आली होती. चालताना तिचा गुडघ्याचा जॉइंट कटकट वाजायचा. मी नुसता आतला झिजलेला बुश बदलला. बाई भिंतीपर्यंत गेली, परत आली, म्हनली, आवाज नाय आला दादा." नानांनी ग्लास बाकावर ठेवला. "मॅडम, सव्वीस वर्षं मी ड्रॉइंग बघून काम केलं. कुठल्या गाडीत काय बसतं, मला म्हाईत नाय. आन तुमचं काम बसलं, असं मला एवढ्या वर्षांत कुनी येऊन सांगितलं नाय."

मला फार लाज वाटली. मी तरी कुठे सांगितलं होतं? पार्ट रिजेक्ट झाला की मी टूलरूममध्ये तणतणत जायचे. पास झालेल्यांवर सही करून मोकळी व्हायचे.

त्या वर्कशॉपने त्यांना कायमचं यायला दोनदा विचारलं होतं. पण पगार इथल्यापेक्षा बराच कमी, मुलीचं नर्सिंगचं दुसरं वर्ष, आणि वय एक्कावन्न. "आन दुसरं म्हनजे," ते म्हणाले, "रविवारी काय, कुनालाबी काम आवडतं. मंगळवारी आवडतंय का, ते मला कुठं म्हाईत हाय?"

"मग मंगळवारी जाऊन बघा. रजा साठलीय ना तुमची?"

दुसऱ्यांना इतकी वर्षं वाट दाखवणाऱ्या माणसाला ही साधी गोष्ट सुचली नव्हती.

नानांनी पंधरा दिवस रजा टाकली आणि रोज सकाळी डबा घेऊन वर्कशॉपला गेले. घरी काही लपवलं नाही. पंधरा दिवसांनी मला फोन आला, "मंगळवारीबी आवडतंय." काकूंनी, म्हणजे नानांच्या बायकोने, मात्र अट घातली: पोरगी पास होऊन कामाला लागेपर्यंत राजीनामा नाही. नानांनी वाद घातला नाही. वर्षाच्या वर थांबले. तेवढ्या वेळात टूलरूममधल्या दोघांना हातातली सगळी कामं शिकवली. मुलगी एका दवाखान्यात लागली, त्याच आठवड्यात त्यांनी राजीनामा दिला, आणि नोटीसचा महिना एकही दिवस न बुडवता भरला.

"या एकदा," फोनवर म्हणायचे. माझं जाणं लांबत गेलं. खरं तर मला धास्ती होती. माझ्या बोलण्यावरून एक माणूस या वयात पक्की नोकरी सोडून गेला होता. त्यांनी जसं माझं गेट उलटं वाचलं, तसं मी त्यांचं वाचलं असलं तर?

शेवटी या डिसेंबरात गेले. आत गेले नाही. समोर टपरी होतीच. साडेपाचला वर्कशॉप सुटलं. भोंगा नव्हताच. दोघं-तिघं बोलत बाहेर आले. एक आजोबा नव्या पायावर, मुलाचा हात न धरता, पायरी उतरले आणि मागे वळून आत कुणालातरी त्यांनी हात केला. मग ऑफिसातल्या बाई गेल्या. मग कुणीच नाही. माझा दुसरा चहा संपला. वॉचमनच रस्ता ओलांडून आला.

"कुनाची वाट बघताय ताई?"

मी विचारायचा नियम विसरले नव्हते. नानांचं नाव सांगितलं.

"त्यांची? मग बसा अजून. समदे गेले तरी ते नाय निघत. रोज मलाच आत जाऊन सांगावं लागतं, नाना, गेट लावायचंय."

माझे डोळे भरून आले. त्याला म्हटलं, हाक नका मारू, आणि परत फिरले.

पण एकदा बघून धरायचं नाही. म्हणून पुढच्या सोमवारी गेले, आणि मग एका गुरुवारी. दोन्ही वेळा माणसं गेली, टपरीवाल्याने बाक उचलून ठेवला, वॉचमन किल्ल्या घेऊन आत गेला. नाना अजून बाहेर आलेले नव्हते.