उघड्या पाठीवरचा कागद

कालच्या पोस्टमध्ये चूक आहे. प्रदर्शनवाल्यांनी माझं चित्र झाकलं, असं मी लिहिलं. खरं तर कागद मीच चिकटवला होता, घाबरून.

चित्रात एक बाई केस वाळवतेय. कोळसा, चहाचं पाणी आणि जुन्या साडीचे तुकडे वापरलेत. पाठ उघडी आहे, आणि तिला स्वतःचं अंग आवडतंय.

आज काका घरी येऊन म्हणाले, “काहून असली चित्रं काढून राहिलीस? साडी नेसव की तिला!”

मूर्ती घडवणारे बाबा माझे पहिले गुरू. मातीवरून नजर न काढता बोलले, “देवीचंबी अंगच आधी घडवतो आमी. साडी मागून.”

“बाप तशी लेक!” म्हणत काका चहा न घेताच गेले.

मला भीती अजून वाटते, लाज नाही. तुम्ही ठेवला असता कागद? मी तो येत्या रविवारी सकाळी दहाला, प्रदर्शनात सगळ्यांसमोर काढणार आहे.