आबांचे हात

लेक तीन वर्षांची झाली तरी आधार सोडून उभी राहत नव्हती. नारायणगावच्या फिजिओथेरपीच्या बाई म्हणाल्या, "रोज थोडा वेळ तिचं तिला उभं राहू द्या." पण ती रडली की माझे सासरे, आबा, तिला लगेच उचलायचे. घरात कॉलेज शिकलेली पहिली मी, तरी माझं सांगणं त्यांना पुस्तकी वाटायचं.

एकदा मेंढी व्यायली, तेव्हा मी विचारलं, "आबा, कोकरू धडपडतंय, उचलत का नाही?"

"उचाललं तर त्याच्या पायात बळ कसं यील?" म्हणाले, आणि त्यांची नजर लेकीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी लेक कुंपणाचा बांबू धरून उभी राहिली आणि रडायला लागली. आबा शेजारीच होते, हात पाठीमागे घट्ट धरून.

"रड गं माझी बाय," ते म्हणाले, "मी न्हाई उचलायचा."