बाभळीच्या काट्यावरचे बुवा

दूध न हलवता ठेवलं की साय आपोआप धरते. किश्शांचंही तसंच आहे. ते कुणी जमवत नाही. चार माणसं रोज एका जागी बसली की ते वर येऊन थांबतात, आणि एक दिवस लक्षात येतं, अरे, चांगली जाड साय झालीय की! मी दूध सोसायटीत कॅन धुवायचो, म्हणून मला सायीचंच सुचतं. शाळा चौथीपर्यंत. गाण्यातलं मला आजही काही कळत नाही. ऐकलंय मात्र भरपूर.

ते हारूणभाईंमुळे. आमचं गाव धाराशिवकडच्या वाशीच्या अलीकडे. तिथं हारूणभाई लाऊडस्पीकर आणि गॅसबत्त्या भाड्यानं द्यायचे. मोठ्या दुष्काळात लग्नं थांबली आणि दुकान बसलं. दुकानात चावीचा एक जुना फोनो, म्हणजे ग्रामोफोन होता आणि अकरा प्लेटांची एक पेटी. सगळं शास्त्रीय गाणं! लग्नात कुणी मागायचं नाही, म्हणून त्या प्लेटा कोऱ्याच्या कोऱ्या राहिल्या होत्या.

हारूणभाई म्हणाले, "वऱ्हाडी नाय ऐकले, तर आपण ऐकू. रिकामंच बसलोय ना!"

मी दुपारी कॅन पालथे घालून जायचो. पोस्टमन भीमराव कांबळे टपाल वाटून यायचे. प्लेट संपली की प्रत्येकानं एकच सांगायचं, "काय दिसलं?" रागाचं नाव तिघांपैकी कुणालाच येत नव्हतं, त्यामुळं भांडणाला जागाच नव्हती!

* * *

हारूणभाई प्लेटेला 'तवा' म्हणायचे. एकदा एक प्लेट त्यांच्या घरी राहिली होती. त्यांनी भीमरावांना सांगितलं, "येताना घरून माझा तवा घेऊन या. भाभीला म्हणा, लवकर पायजे. आन् फडक्यात गुंडाळून आणा, हात लावू नका!"

भीमराव सरकारी माणूस. निरोप जसाच्या तसा पोचवला. तवा फडक्यात गुंडाळून आणला. चटके खात आणला!

आम्ही उलगडून बघतोय, तोवर मागून भाभी आल्या. हातात अर्धीकच्ची भाकरी.

"गाणं झालं आसंल तर तवा द्या. ही पालटायची हाय!"

* * *

भीमरावांकडे घड्याळ होतं. वाशीच्या एका मास्तरांनी त्यांना सांगितलं, की अशी प्लेट एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं वाजते. भीमरावांनी आमची मोजली. चार मिनिटांच्या वर गेली! दुसरी मोजली. तीही तशीच.

"हारूणभाई, आपली प्लेट जादा वेळ कशी काय वाजते?"

हारूणभाईंनी फोनोवरून मायेनं हात फिरवला. "मशीन मशीनमधे फरक आसतो मियाँ. आपलं मशीन दिलदार हाय. मापाच्या वर देतंय."

आणखी एक गंमत होती. एका प्लेटेवर छापलेलं नाव होतं बाईंचं, आणि आवाज चांगला भरदार बाप्याचा! त्यावर आम्ही बराच विचार केला. शेवटी हारूणभाईंनी निकाल दिला, "कंपनीत लेबल लावणाऱ्याची चूक. त्याचीबी घाई आसंल बिचाऱ्याची."

* * *

फोनोच्या सुया संपल्या. सोलापूरला गेल्याशिवाय मिळायच्या नाहीत. आठवडाभर दुकानात आम्ही एकमेकांची तोंडं बघत बसलो.

एक दिवस कुंपणाचा काटा माझ्या टाचेत मोडला. बाभळीचा, चांगला पांढरा, टणक. काढला, निरखला आणि वाटलं, याला टोक तर सुईपेक्षा बरं आहे. मी वाळलेले चार काटे तोडले, पानानं, म्हणजे दाढीच्या ब्लेडनं, बेताचे कापले आणि हारूणभाईंच्या पुढं ठेवले. त्यांनी एक सुईच्या जागी स्क्रूमध्ये बसवला आणि डोळे मिटून प्लेटेवर टेकवला.

आवाज थोडा बारका आला, पण इतका मऊ! खरखर निम्मी झाली. गाणारा जणू चपला बाहेर काढून आत आला.

हारूणभाई माझ्याकडे बघतच राहिले. "किसन, तू चौथीत कशाला थांबलास रे?"

दुष्काळानं सगळं नेलं. काटे मात्र वारेमाप होते.

* * *

अकरांतल्या एका प्लेटेचं लेबल झुरळांनी खाल्लेलं होतं. कोण गातंय ते कळत नव्हतं. आम्ही त्यांना 'बुवा' म्हणायचो. आवाज खोल, संथ. मला ते ऐकताना विहिरीच्या पायऱ्या उतरल्यासारखं दिसायचं.

यमुनाआत्या पाझर तलावाच्या कामावर माती वाहायच्या. बाजारच्या दिवशी कामाला सुट्टी असायची, तेव्हा दुकानाच्या उंबऱ्याशी सावलीला टेकायच्या. बुवांची प्लेट लागली की त्या डोक्यावरचा पदर पुढं ओढून घ्यायच्या. दुसऱ्या कुठल्याच प्लेटेला नाही. आम्हाला वाटायचं, केवढा हा गाण्याचा मान!

एक दिवस हारूणभाईंनी त्यांनाही विचारलं, "आत्या, तुमाला काय दिसलं?"



"आमचं माणूस दिसलं. ह्यांचा आवाज आस्साच व्हता. भुईतनं आल्यावानी. मोटंवर म्हणायचे." मग पदर सारखा करत म्हणाल्या, "खोकला तेवढा वाढलाय."

प्लेटेची खरखर त्या दिवसांत वाढत चालली होती. आणि आत्याचे मालक खोकल्यानंच गेले होते, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

हारूणभाईंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. त्या दिवसापासून ती आत्याची प्लेट झाली. आठवड्यातून एकदाच लावायची. बाजारच्या दिवशी. आणि आत्या आल्याशिवाय लावायची नाही.

* * *

तरी खरखर वाढायची ती वाढलीच. काट्यानं झीज कमी झाली, थांबली नाही. प्लेट बंद पडायच्या आत दुसरी आणायला हवी होती. आणि दुकानात मागायची तर नाव हवं! भीमरावांनी रेडिओ स्टेशनला कार्ड टाकलं. 'विहिरीत उतरल्यासारखा वाटतो तो राग कोणता?' असं विचारलं.

उत्तर आलं. 'कृपया गाण्याचे शब्द कळवावेत.'

शब्द काय हे ठरवायला आम्ही बसलो. मुख्य शब्द एकच होता, तोच घोळून घोळून यायचा.

भीमराव म्हणाले, "पाती. म्हंजे पत्र. सरळ सरळ टपालाचं गाणं हाय."

"बाती हाय ओ!" गॅसबत्त्यांचे मालक म्हणाले. "दिव्याची."

आत्या म्हणाल्या, "माती म्हणत्यात ते."

मला विचारलं. मला नुसतं 'आती' ऐकू येत होतं. मी म्हटलं, "सगळ्यांचंच बरोबर आसंल."

भीमरावांनी तिन्ही शब्द लिहून पाठवले. उलट टपाली कार्ड आलं. 'आपल्या मंडळाचे अभिनंदन. रेकॉर्डच दुकानात नेऊन दाखवावी.'

* * *

मग आम्ही तिघं एसटीनं सोलापूरला गेलो. प्लेट गोधडीत गुंडाळून माझ्या मांडीवर. तामलवाडीपाशी मोठा खड्डा आला, तेव्हा मी प्लेट घेऊन उभाच राहिलो. कंडक्टर म्हणाला, "बाळ किती महिन्याचं हाय?"

दुकानदारानं प्लेट विजेच्या मशीनवर ठेवली.

बाई गायला लागली!

गोड, उंच, तरणा आवाज. आणि घाई तर अशी, की वाटावं पोळ्या तव्यावर ठेवून आलीय. हारूणभाईंनी हळूच विचारलं, "भाऊ, दुसरी बाजू लागली का?"

"हीच बाजू. बाईंची गाजलेली रेकॉर्ड आहे. तुम्ही आजवर कशी ऐकत होता?"

आम्ही सांगितलं. तो पोट धरून हसला. "अहो, तुमच्या मशीनची स्प्रिंग थकलीय! हळू फिरतं ते. म्हणून बाईंचे बुवा झाले!"

हारूणभाई हसले नाहीत. "ह्याचीच नवी प्लेट मिळंल का?"

जुन्या मालात एक निघाली. कोरी, चकचकीत. लेबलावर ठसठशीत अक्षरात बाईंचं नाव.

* * *

परतताना नवी प्लेट माझ्या मांडीवर, आणि तिच्यावर बाईंचं नाव. आत्याला वाचता येत नव्हतं, पण गावात वाचणारी कार्टी कमी नव्हती.

तुळजापूर मागं पडलं तसं भीमराव मला म्हणाले, "दे इकडं." त्यांनी अंगठा जिभेला लावला आणि लेबलावरचं नाव हळूहळू घासायला लागले. धाराशिवच्या स्टँडपर्यंत घासत होते. कागदाचा लगदा होऊन नाव गेलं.

मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "उभ्या नोकरीत एका पाकिटावरचं नाव पुसलं न्हाय म्या."

* * *

बाजारच्या दिवशी आत्या आल्या. नवी प्लेट, नवा काटा. हारूणभाईंनी चावी दिली. माझा जीव टांगणीला लागला होता.

फोनो घरघरला, आणि त्याच आमच्या खोल, संथ आवाजात बुवा पायऱ्या उतरायला लागले. खरखर नावाला नाही.

आत्यानं पदर ओढून घेतला. चार मिनिटं हलल्या नाहीत. संपल्यावर आम्ही नेहमीसारखं विचारलं, "काय दिसलं?"

"खोकला गेला की ह्यांचा!"

पदरातूनच विचारलं, "सोलापुरात नाव कळलं का, गाणाऱ्याचं?"

हारूणभाई बत्ती पुसायला लागले. भीमराव पिशवीत टपाल शोधायला लागले, जे सकाळीच वाटून झालं होतं. राहिलो मी.

मी म्हटलं, "न्हाय आत्या. दुकानदार म्हणला, आसा आवाज तुमच्याच गावात हाय."

* * *

पुढं कधीतरी सोसायटीचा वजनकाटा दुरुस्त करायला बार्शीकडचा एक मिस्त्री आला. बाजारचाच दिवस होता. चहाला म्हणून तो माझ्याबरोबर दुकानात आला. प्लेट लागलेली. उंबऱ्याशी आत्या, पदर घेतलेल्या.

मिस्त्रीनं दोन क्षण कान दिला आणि हातातली पिशवी खाली ठेवली.

"हारूणभाई, मशीन हळू चाललंय तुमचं. स्प्रिंग हाय माझ्याकडं. पाच मिनिटात नीट करून देतो. पैसे नको, गाण्याचा शौक हाय मला बी."

त्यानं पान्हा काढला. हारूणभाई उठले आणि दोन्ही हात पसरून फोनोच्या आडवे उभे राहिले.

"नक्को भाऊ. नीट झाला तर बिघडंल."