आप्पांच्या गाडीचा पंप

इंजिन खोलून परत बसवलं की एखाददुसरा नट उरतोच. तो कुठला, हे कुणालाच सांगता येत नाही. मिस्त्री तो गुपचूप डब्यात टाकतो. चाँदभाईंच्या गॅरेजातले किस्से माझ्याकडे असेच साचलेत. माझं टायरचं दुकान त्यांच्या भिंतीला लागून, मी काय करणार!

लातूर तेव्हा नुकतंच उस्मानाबादपासून वेगळं होऊन जिल्हा झालं होतं. मान मोठा, पण नळ कोरडा. पावसानं दगा दिलेला. अन् असल्या दिवसांत आमच्या शिवलिंगआप्पांनी, डाळीच्या व्यापाऱ्यानं, हैदराबादहून एक जुनी विलायती स्पोर्ट्स कार आणली. लाल, उघडी, दोन सीटांची.

मी म्हटलं, "आप्पा, घरात खटलं एवढं मोठं, अन् सीटा दोनच?"

आप्पा म्हणाले, "म्हणून तर घेतली!"

*

गाडी बरी चालत होती. पण बऱ्या चालत्या गाडीला हात लावला नाही तर ते चाँदभाई कसले?

"आप्पा, एक कार्बोरेटर है इसको. दोन लावू. एक म्हैस जास्त दूध देती का दोन?"

मुंबईहून दोन नवे कार्बोरेटर आले. गाडी पेट्रोल ढोसायला लागली, आवाज वाघासारखा झाला. पुढं औसा रोडला एक बैलगाडी चालली होती. बैलगाडी पुढंच राहिली, कारण रस्त्यात खड्डे तेवढेच होते.

"फरक काय पडला मग?" मी विचारलं.

आप्पा म्हणाले, "बैल घाबरले की!"

*

त्यानंतर फिल्टर. पेट्रोलच्या टाकीत गंज, म्हणून चाँदभाईंनी विलायती फिल्टर बसवला. काचेचा, आत बारीक कागद. कचरा तर अडलाच, पेट्रोलही अडलं! गाडी गंजगोलाईच्या भर बाजारात गचके खात उभी. मागं रिक्षावाल्यांचा नुसता कल्ला.

चाँदभाई आले, आतला कागद काढून खिशात घातला, रिकामी काच परत बसवली. गाडी सुसाट!

संध्याकाळी आप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगून राहिले होते, "फिल्टर बसवल्यापासून लई भारी पळती बघा."

चाँदभाई मान हलवत होते. "हाव, फिल्टर ओरिजनल है ना!"

*

गाडीत हे सगळं बदललेलं सरकारला कळवावं, असं आप्पांच्या मनात आलं. सरळ माणूस! नव्या जिल्ह्याच्या नव्या आरटीओ ऑफिसात गेले. तिथं टेबल आलं होतं, साहेब आला होता, खुर्ची अजून उस्मानाबादलाच होती. साहेब उभ्यानंच म्हणाला, "काय काय बदललं?"

"लई बदललं."

"फायदा झाला का?"

"तेच विचारायला आलो, साहेब!"

*

खरी पंचाईत उन्हाळ्यात झाली. आमच्याकडच्या उन्हात पेट्रोल पाइपातच उकळतं. त्याची वाफ झाली की इंजिनाजवळच्या पंपाला ते ओढता येत नाही, गाडी बंद. त्यावर ड्रायव्हर लोकांचा एकच इलाज, पंपावर ओलं फडकं. गाडी बंद पडायची वाट न बघता आप्पा आधीच सीटशेजारी पाण्याची कळशी ठेवायला लागले.

अन् गल्लीत तर टँकरला ही मोठी रांग! बाया भांडून भांडून घसा कोरडा करून घेत होत्या, अन् आप्पा भर चौकात गाडीवर पाणी ओतून राहिले होते. एक म्हातारी म्हणाली, "पुढच्या जन्मी आप्पाची गाडी कर रे महादेवा!"

हे काकूंच्या, म्हणजे आप्पांच्या मंडळींच्या, कानावर गेलं. महानंदाकाकू बोलायच्या कमी. त्या दिवशी बोलल्या. "नांदेडचा ट्रकवाला गाडी विकत मागून राहिला न्हवं? सोमवारी त्याला बोलवा. त्या दिवशी मी बसते गाडीत. भर दुपारी चाकूरला जाऊन यायचं. पाण्याचा थेंब घालायचा न्हाई. थांबली, तर त्याची. न्हाई थांबली, तर तुमची."

आप्पा माझ्या दुकानात येऊन टायरवर बसले. डोळे भरलेले. "अरे, दुकानात गिऱ्हाईक, घरात खटलं. ही गाडी गेली तर मी घटकाभर एकटा बसू कुठं?" मला वाईट वाटलं, खरंच वाटलं.

*

चाँदभाईंनी शेवटचा उपाय काढला, विजेवर चालणारा पंप! तो मागं, टाकीजवळ, डिकीत बसतो. "जुना पंप ऱ्हाऊ दे पुढं. हा मागून ऐसा ढकलता की पेट्रोलला उकळायला टाइमच नै!"

कॉलेजात फिजिक्स शिकवणारे कुलकर्णी सर तिथंच चहा पीत होते. आप्पांनी हात जोडले, "सर, खरं काय ते सांगा."

सर म्हणाले, "तत्त्वतः बरोबर आहे. म्हणजे, चूकही असू शकतं."

सोमवारी आप्पा महादेवाला बेल वाहून आले. काकू कपाळाला विभूती लावून सीटवर ताठ बसल्या. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. मी अन् चाँदभाई मोटारसायकलवर मागं, धूळ खात. चाकूर आलं. गाडी वळली. परत लातूर आलं. एकदाही थांबली नाही! गॅरेजासमोर आप्पा उतरले ते नाचतच. मीही ओरडलो. नांदेडचा ट्रकवाला सकाळपासून कुलकर्णी सरांशेजारी येऊन बसलेला, त्याचं तोंड एवढंसं झालं.

"देखो, पंप का कमाल!" चाँदभाईंनी ऐटीत डिकी उघडली.

पंप चकचकीत. अन् त्याची वायर गुंडाळून, दोरा बांधून, तशीच पडलेली. जोडलीच नव्हती!

"मग गाडी चालली कशानं?" आप्पा.

"जुन्याच पंपावर," चाँदभाई हळूच म्हणाले.

"फडकं होतं का त्याच्यावर?"

"नै."

"मग इतके दिवस मी पाणी कशाला ओतलं?"

आम्ही सगळ्यांनी सरांकडं बघितलं. सर चष्मा पुसत होते.

काकू सावकाश उतरल्या. पदरावरची धूळ झटकली, डिकीत वाकून बघितलं, अन् ट्रकवाल्याला म्हणाल्या,

"दादा, गाडी तर न्हाई मिळायची. पर हा पंप न्या. एकदम कोरा हाय, आमच्याकडं कुणी वापरलाच न्हाई!"