माझ्या आवाजाची डिस्क

घशाच्या ऑपरेशनआधी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, स्वरयंत्र काढावं लागेल आणि आवाज परत येणार नाही. हातात तीन आठवडे होते. गुडगावच्या आमच्या फ्लॅटमध्ये, पंखा बंद करून, मी रोज थोडी थोडी वाक्यं लॅपटॉपवर रेकॉर्ड केली. ‘पाणी दे.’ ‘आज डबा नको.’ ‘होमवर्क झालं का?’ बायको समोर बसून वाक्यं सुचवायची. एकदा म्हणाली, “भांडायचीही काही भर. नाहीतर मी एकटीच भांडत बसेन.” तीही भरली.

आता मी गळ्यातल्या छिद्रातून श्वास घेतो आणि लॅपटॉपमधून बोलतो. वाक्य शोधायचं, बटण दाबायचं, की माझाच जुना आवाज येतो.

पण लॅपटॉप नऊ वर्षांचा. मुलगी शाळेतून आल्यावर काही विचारायची, मी वाक्य शोधेपर्यंत स्क्रीनवर ते चक्र गोल फिरत राहायचं आणि ती “अच्छा बाबा, रहने दो” म्हणून आत निघून जायची. तिला राग नसायचा, कंटाळा असायचा. त्याचीच मला जास्त भीती वाटायची.

एका रविवारी लॅपटॉपमधून टक टक आवाज यायला लागला. मी घाईघाईनं वाक्यं पेनड्राइव्हवर घ्यायला गेलो. शंभरेक आली आणि कॉपी अडकली. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा त्याच जागी. हे आधीच करायला हवं होतं, हे मला कळत होतं. ऑपरेशनच्या धावपळीत राहून गेलं आणि नंतर रोज उद्यावर गेलं. मी लॅपटॉप बंद केला. पुन्हा चालू करायचा धीर झाला नाही.

बायको म्हणाली, “उद्या मी सुट्टी घेते, दोघं जाऊ.” मी कागदावर ‘नको’ लिहिलं. माझ्या आजारपणात तिच्या सुट्ट्या संपल्या होत्या.

सोमवारी मेट्रोनं दिल्लीला, नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात गेलो. लॅपटॉप पोटाशी धरून, गळ्यावरचं फडकं सावरत. दुकानदार पन्नाशीचा होता. मी हिंदीत लिहून आणलेला कागद त्याच्यापुढे ठेवला: जुन्या डिस्कमधलं सगळं नव्या एसएसडीवर हवंय, यात माझा आवाज आहे. त्यानं तो दोनदा वाचला, मग माझ्या गळ्याकडे पाहिलं.

“डिस्क जा रही है, सर. एक बार रुकी तो शायद दोबारा न चले. गारंटी नहीं दूँगा.”

मी मान हलवली.

त्यानं डिस्क काढून त्याच्या मशीनला जोडली. शेजारी नवी एसएसडी, म्हणजे डिस्कच, पण इतकी हलकी की तिच्यात काही मावेल यावर विश्वास बसेना. स्क्रीनवर कॉपीच्या टक्क्यांचा आकडा हळूहळू चढत होता. त्रेसष्टवर थांबला. डिस्क टक टक करायला लागली. दुकानदार म्हणाला, “पढ़ रही है, पढ़ने दो,” आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

तेवढ्यात एक माणूस फोनचा चार्जर घेऊन आत आला. वाकला आणि रिकामी जागा नाही म्हणून मशीनच्याच प्लगला हात घातला.

मी ओरडलो. म्हणजे तोंड उघडलं आणि गळ्यातून नुसती हवा सुटली. कुणीच वळलं नाही. मी स्टुलावरून उठलो आणि दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं.

“पागल है क्या? मुँह से बोल ना.”

मी मनगट सोडलं नाही. दुकानदारानं वळून पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, “भाई, प्लग छोड़ दे. ये बोल नहीं सकते.” त्या माणसाचा चेहरा उतरला. त्यानं प्लग सोडल्यावरच मी मनगट सोडलं.

दुपार कलता कलता काम संपलं. नवी एसएसडी बसवल्यावर लॅपटॉप काही सेकंदांत चालू झाला. दुकानदारानं सहज एक फाइल लावली आणि दुकानात माझा आवाज आला, “भाजीत मीठ जरा कमी आहे.” त्यानं अर्थ विचारला. मी लिहून दिला. तो म्हणाला, “आवाज़ अच्छी है आपकी.” मी तीच फाइल पुन्हा एकदा लावली.

घरी येऊन एकेक वाक्य ऐकलं. चौदांत फक्त खरखर उरली होती. बाकीची मी तीन ठिकाणी ठेवली, त्यातली एक प्रत पुण्याला बहिणीकडे.

चार्जरवाल्याची गोष्ट बायकोला लिहून दाखवली. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना तिनं सायकलची घंटी आणली आणि माझ्या बॅगेच्या पट्ट्याला घट्ट बांधली. अजून वाजवायची वेळ आली नाही. पण मेट्रोच्या गर्दीत माझा अंगठा तिच्यावरून हलत नाही.